दातातलं साल

पडद्यावर १९८७ हे साल उमटलं, तेव्हा हेमांगी मयेकरला पहिला संशय आला तो कॉकटेलचा. दात तिचा स्वतःचा होता. मागे कधीतरी काढलेली अक्कलदाढ. आणि तिचा जन्म १९८४ सालचा, तोही जानेवारीतला. वर्षभर मागेपुढे झालं असतं तर तिने मनावर घेतलं नसतं, पद्धतीत तेवढी चूक धरलेलीच होती. पण तीन वर्षं म्हणजे फारच झालं.

"सापडली एकदाची खोट," ती रुखसारला म्हणाली.

रुखसार काचेच्या दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये टाकलेल्या टेबलाशी बसली होती. तिला पाचवा महिना लागला होता आणि जुन्या कॉकटेलच्या बाटल्या अजून आतल्या कपाटात असल्यामुळे हेमांगीने तिला आत यायला सक्त मनाई केली होती.

"मॅडम, बाकी सगळे दात बरोबर आलेत," रुखसार तिथूनच म्हणाली. "माझ्या अब्बांचा तर महिन्यासकट."

"म्हणूनच म्हणते. इतकं सरळ कधी काही असतं का?"

कोल्हापूरच्या त्या कालमापन प्रयोगशाळेचं काम म्हणजे वस्तूंचं वय सांगणं. पूर्वी उत्खननातली हाडं, जळकं लाकूड, शेणाच्या गोवऱ्यांची राख असं काय काय यायचं. अलीकडे, म्हणजे २०३८ च्या सुमारास, माणसं येऊ लागली होती. त्याचं कारण एक जुनं पाप. विसाव्या शतकाच्या मध्यावर महासत्तांनी उघड्या आभाळाखाली अणुबॉम्ब फोडून पाहिले आणि हवेतला कार्बन-१४, म्हणजे किरणोत्सारी कार्बन, जवळजवळ दुप्पट झाला. चाचण्या आवरल्या, तसा तो समुद्रात आणि झाडाझुडपांत मुरत वर्षागणिक कमी होत गेला. त्यामुळे प्रत्येक सालच्या हवेचा आकडा वेगळा. तो अन्नातून माणसाच्या अंगात येतो. हाडं आयुष्यभर झिजतात आणि भरतात, पण दात एकदा घडला की घडला. अक्कलदाढेचा वरचा भाग मूल बारा-तेरा वर्षांचं होईपर्यंत तयार होतो. त्यातला कार्बन-१४ मोजायचा, तेवढी वर्षं मागे जायचं, की जन्मसाल हाती लागतं.

मोजायचा कसा, हा खरा प्रश्न. कार्बन-१४ मधून सुटणारे कण इतके दुबळे की चार कागदांत अडकून बसतात, यंत्रापर्यंत पोचतच नाहीत. म्हणून दात जाळून त्यातला कार्बन वायूरूपात पकडतात आणि एका द्रवात मुरवतात. कण सुटला की तो जागच्या जागी द्रावकाच्या रेणूला धक्का देतो, द्रावक ती ऊर्जा त्यात विरघळलेल्या रंजकाला देतो आणि रंजक निळसर लुकलुकतो. मग कुपी काळोख्या पेटीत ठेवून लुकलुक मोजत बसायचं. या द्रवाला जगभरच्या प्रयोगशाळा कॉकटेल म्हणतात.

जुनं कॉकटेल झायलीनचं होतं. ठिणगी पडायचा अवकाश, पेट घेणारं. त्याची वाफ प्लॅस्टिकच्या कुपीच्या भिंतीतूनही झिरपायची, संध्याकाळी घरी गेल्यावर केसांना वास यायचा. हेमांगीचे वरिष्ठ इनामदार सर यांनी याच खोलीत उमेदीची सगळी वर्षं काढली. आधी बेन्झीन, मग टोल्युईन, मग झायलीन. निवृत्त झाले आणि त्यांच्या हाडांनी रक्त तयार करणं थांबवलं. कशामुळे, ते कुठल्याच डॉक्टरने छातीठोकपणे सांगितलं नाही. हेमांगी शेवटच्या आठवड्यात त्यांना भेटायला गेली होती. ते इतकंच म्हणाले, "त्या खोलीत आता नवी पोरं घेताना विचार कर."

तेव्हापासून ती सुरक्षित कॉकटेलच्या मागे होती. कितीतरी मिश्रणं तिने पारखली. एकात वायू नीट मुरेना, दुसरं थंडीत गोठायचं, तिसरं वनस्पतितेलापासून बनवलेलं होतं, पण झाडातला ताजा कार्बन-१४ त्यातच असल्यामुळे ते रिकाम्या कुपीतही लुकलुकत बसायचं. शेवटी धुण्याच्या पावडरीसाठी जे लांब शेपटीचं बेन्झीन वापरतात, त्याच्याच भावकीतल्या एका द्रावकावर तिचं मन बसलं. खनिज तेलातून आलेलं, म्हणजे त्यातला कार्बन-१४ कोट्यवधी वर्षांत संपून गेलेला. वास नाही, सहजी पेटत नाही, कुपीतून झिरपत नाही, सांडलं तर मातीतले जिवाणू हळूहळू खाऊन टाकतात. वर त्याची स्वतःची चमक इतकी कमी, की ज्या कामाला पूर्वी कोट्यवधींचं त्वरकयंत्र लागायचं ते आता फडताळाएवढ्या पेटीत, एका दातावर व्हायला लागलं.

याचा परिणाम काय होणार ते सगळ्यांना दिसत होतं. महाराष्ट्रात मास्तरांनी शाळेत नाव घालताना 'एक जून' अशी जन्मतारीख ठोकून दिलेली लाखो माणसं. त्यांची पेन्शन, सेवाज्येष्ठता, वारसाहक्काचे दावे. एका दातात सगळं उघडं पडणार होतं. प्रयोगशाळेचे संचालक डॉ. गुरव यांचीही जन्मतारीख एक जून. "माझा दात तेवढा मागू नका," ते हसत म्हणाले होते. जन्मसाल माहीत असलेल्या लोकांच्या दातांवरच्या या चाचणीला तज्ज्ञ समितीची मंजुरी मिळाली की नवं कॉकटेल राज्यभर लागू होणार होतं. नाही मिळाली, तर झायलीन चालूच राहणार होतं आणि बाळंतपणानंतर रुखसारला परत त्याच खोलीत यावं लागणार होतं.

म्हणून खोट असेल तर ती आधी सापडायलाच हवी होती. हेमांगी कामाला लागली.

कॉकटेल उगाच चमकलं असेल का? पण मग लुकलुक जास्त दिसली असती आणि साल मागे गेलं असतं, पुढे नाही. तिच्या दातात उलट कमी भरली होती. मग काही प्रकाश द्रवातच गिळला गेला असेल का? तिने त्याच कुपीत माहीत असलेल्या मापाचा कार्बन-१४ घातला. यंत्राने तो पुरेपूर मोजून दाखवला. दाढेत कधी सिमेंट भरलं असेल आणि त्यातला मेलेला, म्हणजे कार्बन-१४ नसलेला, कार्बन मिसळला असेल? दंतवैद्याला फोन केला. "ती दाढ किडलीच नव्हती हो," तो म्हणाला, "वाकडी होती म्हणून काढली."

तिने डॉ. गुरवांना सांगितलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"वगळून टाका तो दात. एकाने काय होतंय?"

"नमुन्यांची यादी समितीकडे आधीच गेलीय, सर. वगळला तर कारण द्यावं लागेल. उद्या कोर्टात पहिला वकील तेच विचारेल. गैरसोयीचे दात तुम्ही वगळता का?"

"मग ठेवा. आणि लिहा, एका नमुन्यात तीन वर्षांची चूक."

"तसं लिहिलं तर मंजुरी मिळेल?"

गुरवांनी चष्मा परत डोळ्यांवर घेतला. तीन वर्षं चुकणाऱ्या पद्धतीला कुठलं न्यायालय दारात उभं करणार?

एकच वाट उरली होती. हेमांगीकडे काढून ठेवलेली दुसरी अक्कलदाढ होती. ती तिने जुन्या पद्धतीने मोजायचं ठरवलं. रुखसारला त्या आठवड्यात घरीच थांबायला सांगितलं, तोंडाला मास्क बांधला, वाफ ओढणारा पंखा पूर्ण सोडला आणि झायलीनची बाटली उघडली. तो ओळखीचा गोडसर, डोक्यात जाणारा वास आलाच. जुन्या कॉकटेलला वेळ फार लागतो. पेटीचं झाकण लावून तिने रोजची कामं केली, पण लक्ष त्या पेटीकडे होतं.

आकडा आला तेव्हा ती उभी होती. ती खाली बसली. जुन्या कॉकटेलची चूक थोडी मोठी, पण साल तेच होतं. १९८७.

कॉकटेलं दोन, दाढा दोन, आणि उत्तर एक. म्हणजे चूक कुपीत नव्हती. चूक तिच्यात होती. खिडकीबाहेर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती, आणि हेमांगी तो आवाज ऐकत राहिली.

घरी आई विळीवर नारळ खवत होती. सुमतीबाई ऐंशीच्या घरातल्या. पाय गेले होते, पण हात आणि जीभ दोन्ही शाबूत. हेमांगीने लग्न केलं नव्हतं. वडील गेल्यापासून दोघीच राहत होत्या. वडील दीपगृहावर नोकरीला होते. कोकणातलं बेट, सौराष्ट्राचा किनारा, कारवार अशा बदल्यांवर बदल्या. भिंतीवर एक फोटो होता, बेटावरच्या दीपगृहाच्या पायरीवर टोपी घालून बसलेली दोन वर्षांची हेमांगी.

"आई, माझा जन्म नक्की कधीचा गं?"

"कितीदा सांगू? चौऱ्याऐंशीचा. पौषातला."

"माझा दात सत्त्याऐंशी म्हणतोय."

दात कसा बोलतो, असं आईने विचारलं नाही. नारळाची वाटी फिरवून तिने उरलेला भाग खवून घेतला. मग विळी आडवी केली.

"दात द्यायच्या आधी मला विचारायचं होतंस," ती म्हणाली.

आपण कुठल्या तरी कारकुनी चुकीची गोष्ट ऐकायला आलो होतो, हे हेमांगीला तेव्हा कळलं.

"घटसर्प झाला होता," आई म्हणाली. आवाज रोजचाच, भाजीचा भाव सांगावा तसा. "बेटावर. समुद्र खवळलेला, होडी येईना. तुझ्या बाबांनी दिव्याने खुणा केल्या, किनाऱ्यावर कुणाला कळल्या नाहीत. अडीच वर्षांची होतीस."

"कोण होती अडीच वर्षांची?"

"तू."

"आई."

"मग आमची बदली झाली सौराष्ट्रात. तिथे वर्षभराने तू परत आलीस. तिथल्या दर्यावर्दी खारव्यांची एक सुईण होती, तिने सोडवलं मला. मी तोंड बघितलं आणि ओळखलं. तेच नाक. मग वेगळं नाव कशाला ठेवायचं? तुझंच नाव होतं ते."

"माझ्या जन्माची नोंद?"

"एकदा केली होती ना वेंगुर्ल्यात. दोनदा कशाला करतात कुणी? पुढे कारवारहून परत आलो तेव्हा शाळेत तोच दाखला दिला. मास्तर म्हणाले, वय बघता दुसरीत बसवू. बसवलं. अंगाने लहान आहे म्हणाले, मी म्हटलं आजारी होती."

दुसरीच्या वर्गात आपल्याला काहीच वाचता येत नव्हतं, ते हेमांगीला आठवलं. कागदावर सगळ्यांत मोठी म्हणून मागच्या बाकावर बसवलेली, आणि फळा दिसावा म्हणून बाकावर गुडघे टेकून उभी राहणारी. तिने भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं. टोपीखालचं ते तोंड तिचं नव्हतं. नवव्या महिन्यात चालायला लागलीस, कासवाच्या पाठीवर बसून हसलीस, पहिला शब्द 'होडी' म्हणालीस. सगळं दुसऱ्या कुणाचं होतं. स्वतःचा पहिला शब्द कोणता, हे तिला या जगात सांगू शकेल असं एकच माणूस समोर बसलं होतं, आणि त्या माणसाने तो ऐकलाच नव्हता. ऐकताना त्याला दुसरीच ऐकू येत होती.

"बाबांना हे चाललं?"

"त्यांनी कधी तुला हेमा म्हटलं?"

हेमांगी आठवू लागली. शाळेच्या दाराशी, आजारपणात, शेवटच्या दिवसांत दवाखान्यात. बाबा कायम 'बाय' म्हणायचे. नुसतं बाय. एकदाही हेमा नाही. तिला वाटायचं, लाडाने म्हणतात.

ती उठून गॅलरीत गेली. रडू आलं नाही. कठड्याला धरून ती नुसती उभी राहिली, आणि आपला हात कठड्यावर आहे हेच तिला विचित्र वाटत होतं.

पुढचे काही दिवस ती कामावर जात होती, येत होती. आईशी जेवणापुरतं बोलत होती. प्रयोगशाळेत सगळं चोख करत होती, पण कुणी "हेमांगी मॅडम" अशी हाक मारली की क्षणभर उशिरा वळायची. रुखसारने ते टिपलं.

"काय झालंय, मॅडम?"

हेमांगीने तिला सांगून टाकलं. दुसऱ्या कुणाला सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

"म्हणजे कॉकटेल बरोबर आहे," रुखसार म्हणाली, आणि लगेच ओशाळली. "सॉरी मॅडम. मला तसं म्हणायचं नव्हतं."

"तसंच आहे ते," हेमांगी म्हणाली. "कॉकटेल बरोबर आहे."

अहवालात आता तीन गोष्टी शक्य होत्या. दात वगळायचा, म्हणजे लबाडी. कागदावरचं साल खरं धरायचं, म्हणजे निर्दोष मिश्रणावर खोटा ठपका आणि झायलीनला जीवदान. नाहीतर खरं लिहायचं: नमुना देणाऱ्या व्यक्तीच्या जन्माची नोंद तिच्या मृत बहिणीची आहे. पण त्याला पुरावा लागणार. बहिणीच्या मृत्यूची नोंद कुठेच नव्हती, आणि ती करू शकेल अशी जिवंत साक्षीदार एकच.

तिने आईला विचारलं. आई तोवर शांत होती, ती एकदम कडाडली.

"तिला मारायला निघालीस तू."

"ती गेलीय, आई. बावन्न वर्षं झाली."

"माझ्यासाठी कुठे गेली? रोज समोर जेवते. आता सरकारात जाऊन सांगू की मेली?" तिने पदर खसकन खांद्यावर ओढला. "मी तुला काय कमी केलं गो? कशात कमी पडले?"

"काही कमी नाही केलंस. पण जे केलंस ते कुणासाठी केलंस?"

आईने तोंड फिरवलं. त्या दुपारी ती जेवली नाही.

हेमांगीने मग विषय काढला नाही. अहवाल द्यायची मुदत जवळ आली, तेव्हा आईनेच विचारलं, इतके दिवस कसल्या काळजीत आहेस, नोकरी जाणार का? हेमांगी तिच्या पलंगाशी बसली आणि तिने सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. त्या खोलीतला वास, इनामदार सर, नवं औषधासारखं पाणी ज्याला वास नाही, आणि आपल्या एका दातावर ते कसं अडलंय.

"ती रुखसार," आईने विचारलं, "कितवा महिना तिला?"

"सातवा लागेल."

"आणि बाळंत झाली की परत त्याच खोलीत?"

"नवं मंजूर झालं नाही तर."

आई पंख्याकडे बघत पडून राहिली. हेमांगीला वाटलं झोप लागली.

"होडी आली असती," आई म्हणाली, "तर हे काहीच झालं नसतं. किनाऱ्यावर माणसं होती. दिवा दिसला त्यांना. पण त्यांना वाटलं, दिवाच तो, असाच लागतो." थोड्या वेळाने म्हणाली, "वेंगुर्ल्याला गाडी सांग. मला इतका वेळ बसवेल का, ते माहीत नाही."

हेमांगीने अहवालात खरं लिहिलं. स्वतःच्या नावापुढे, स्वतःच्या हाताने. डॉ. गुरवांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, "चौकशी लागेल तुमच्या मागे." ती म्हणाली, "लागू दे." सगळ्या दातांचा मेळ बसलेला पाहून समितीने पद्धत मंजूर केली, मृत्यूनोंदीची प्रत मागाहून जोडायच्या अटीवर. झायलीनच्या बाटल्या शिक्के मारून विल्हेवाटीसाठी रवाना झाल्या. रुखसार दारात उभी राहून ते बघत होती. तिने काचेचं दार कित्येक महिन्यांनी स्वतः उघडलं, आत आली आणि हेमांगीचा हात हातात घेतला.

तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात गर्दी नव्हती. आईला खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवावं लागलं. इतक्या जुन्या मृत्यूच्या नोंदीसाठी लागणारा आदेश हेमांगीने आधीच मिळवला होता. खिडकीमागे एक मध्यमवयीन, सभ्य कारकून होता. त्याने आदेश वाचला आणि आवाज खाली आणला.

"आजी, मयताचं नाव?"

आईने हेमांगीकडे पाहिलं नाही. समोर भिंतीकडे पाहत ती म्हणाली, "हेमांगी."

"वय?"

"अडीच वर्षं."

कारकुनाने टाइप केलं. मग त्याची नजर आदेशावरच्या अर्जदाराच्या नावावर गेली. तिथेही हेमांगी मयेकरच होतं. त्याने गोंधळून मान वर केली.

"आणि या कोण?"

आईने मान वळवली. हेमांगी खुर्चीच्या मुठीला धरून उभी होती. आई तिच्याकडे बघत राहिली. केस, कपाळ, हनुवटी, सावकाश, एकेक करून. इतकी वर्षं एका घरात राहून आईने आपल्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं, हे हेमांगीच्या लक्षात आलं.

"ही तिची धाकटी बहीण," आई म्हणाली.

"यांचं नाव?"

आईने हात पुढे केला, लेकीचं मनगट घट्ट पकडलं आणि खिडकीकडे वळून ती हळू आवाजात म्हणाली,

"हिचं नाव ठेवायचं राहिलंय."